तीन रणजी आल्या, पण संघ विदर्भाचा की नुसता नागपूरचा?

धुऱ्यावरचा अंपायर (मंगरूळपीर, जि. वाशीम)

2025 च्या मार्चमधल्या त्या रविवारी आमच्या इथल्या पानठेल्यावर आठ-दहा जण एका मोबाईलभोवती दाटीवाटीने उभे होतो. नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवर रणजीची फायनल, समोर केरळ. सामना अनिर्णित सुटणार हे सकाळीच कळलं होतं. पहिल्या डावात आपले 379, त्यांचे 342. त्या 37 धावांच्या आघाडीवर कप आपला. तिसरा. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, एकाने चहा सांगितला. ठेलेवाला खर्रा घोटत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "यातल्या किती जणाईनं आपल्यासारख्या तालुक्याच्या ग्राउंडवर सुरुवात केली असन गा?"

कोणीच बोललं नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून इथे टाकतो. छातीवर नाव विदर्भाचं. विदर्भ म्हणजे 11 जिल्हे, बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत. पण लेदरचा बॉल कसा असतो हे पाहायला आमच्या पोट्ट्याला नागपूर गाठावं लागतं, फार तर अमरावती-अकोला. तालुक्याला ना विकेट, ना नेट, ना कोच. तीन रणजी आल्या याचा आनंद मलाही आहे. पण जो संघ नागपुरात घडतो, नागपुरात राहतो, नागपुरात खेळतो, त्याला आपण कोणत्या हिशोबाने "आपला" म्हणायचं? भांडायला या, पण मुद्द्यावर या.

जामठा एंड (मूळ काटोल, मुक्काम नागपूर)

आलो भांडायला.

अंपायरसाहेब, थोडं मागे जा. विदर्भ रणजीत उतरला 1957-58 साली. पहिली ट्रॉफी आली ती 1 जानेवारी 2018 ला, इंदूरला दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून. मधली 60 वर्षं आपण काय होतो? दुसऱ्या संघांना गुण हवे असले की ते आपल्याकडे बघायचे. किती हंगाम खालच्या प्लेट गटात काढले आठवा. त्या काळात कोणी म्हणत नव्हतं की संघ नागपूरचा आहे. हरणाऱ्याचा सातबारा कोणी मागत नाही.

मग बदललं काय? पोरं एका जागी आणली. निवासी अकादमी, वर्षभर तीच विकेट, तेच कोच, तेच जेवण. 2017 ला कोच म्हणून चंद्रकांत पंडित आले, त्यांनी शिस्तीचा दांडा लावला. आणि पहिल्यांदाच फायनलला गेलेला संघ फायनल जिंकून आला. हीच ताकद 11 जिल्ह्यांत चिमूटभर-चिमूटभर वाटली असती तर आज तुमच्या पानठेल्यावर चहा फुटला नसता.

आणि "नागपूरचा संघ" म्हणता तर अथर्व तायडे कुठला? अकोल्याचा. आदित्य ठाकरे कुठला? तोही अकोल्याचा. पोराने फर्स्ट क्लासमध्ये पहिलं पाऊल ठेवलं ते थेट इंदूरच्या त्या फायनलमध्ये. जितेश शर्मा अमरावतीचा. दर्शन नळकांडे वर्ध्याचा. याच फायनलच्या पहिल्या डावात केरळचे तीन गडी त्याने काढले. 2021 ला टी-20 च्या मुश्ताक अली ट्रॉफीच्या सेमीफायनलमध्ये कर्नाटकाविरुद्ध चार चेंडूंत चार बळी घेतले, तो हाच. हे सगळे नागपूरच्या सीताबर्डीवर जन्मले का?

धुऱ्यावरचा अंपायर

तुम्ही घेतलेली नावं पुन्हा वाचा. अकोला, अमरावती, वर्धा. तिन्ही जिल्ह्याची गावं. अमरावती तर खेळाचं जुनं माहेरघर, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथलंच. मी विचारतोय मानोरा, मालेगाव, सिंदखेडराजा, कोरची. जिल्ह्याच्या ठिकाणाच्या पुढे डांबरी रस्ता जातो, क्रिकेट जात नाही.

मोर्शीवाला

जितेशचं नाव निंघालं म्हणून लिहून राहिलो. 2025 च्या आयपीएलमदी लखनौत बंगळुरूले 228 पाहिजे होते न भाऊ, पोट्ट्यानं 33 बॉलमदी 85 हानले, नाबाद! आमच्या इकडे संत्र्याचे व्यापारी सौदा थांबवून पाहात होते. मंग बंगळुरूनं कपच उचलला. आता हे पाहून मोर्शीच्या पोट्ट्याले वाटते का नाही की अमरावतीचा जाते तं आपणही जाऊ? का त्याच्यासाठी पण जी.आर. पाहिजे?

अंपायरभाऊ, तुमचं दुखणं खरं हाय, पण औषध चुकीचं हाय. पहिले वाटाले पाहिजे, मंग विकेट होते. विकेट आधी बांधली तं तिच्यावर बकऱ्या बसतात.

कृष्णाकाठ (सध्या नोकरीनिमित्त पुसद)

मध्येच विचारतो, रागावू नका. मी सांगलीकडचा. आमच्याकडे "महाराष्ट्र" संघ, मुंबईचा वेगळा, तुमचा वेगळा. एका राज्यात तीन संघ कसे? आणि दुलीप ट्रॉफीला महाराष्ट्र-मुंबई पश्चिम विभागात आणि विदर्भ मध्य विभागात, उत्तर प्रदेश-राजस्थानच्या पंगतीला. हे काय गणित आहे?

गुरुजी, सेवानिवृत्त (देवळी, जि. वर्धा)

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर क्रिकेटच्या नाही, भूगोलाच्या पुस्तकात आहे.

आमचा मुलूख मुंबईचा नव्हताच. वऱ्हाड आणि नागपूर दोन्ही जुन्या मध्य प्रांतात, इंग्रज म्हणायचे सेंट्रल प्रोव्हिन्सेस अँड बेरार. राजधानी नागपूर. रणजी 1934-35 ला सुरू झाली तेव्हा आमचा संघ त्याच नावाने उतरला. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. राज्य बदललं, पण क्रिकेटचा संसार आधीच वेगळा मांडलेला होता. 1957 ला "विदर्भ" म्हणून नाव लागलं, विभाग मध्यच राहिला. राज्य बदललं म्हणून माहेरचं आडनाव कोणी टाकलं नाही, एवढंच. गुजरातेतही पाहा, गुजरात, सौराष्ट्र, बडोदा असे तीन आहेतच.

आता अंपायर, तुमच्यासाठी. जुन्या संघाच्या नावात "बेरार" होतं. म्हणजे वऱ्हाड. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा. तुमचा वाशीम तेव्हा अकोल्यात. नागपूरकरांच्या संघात वऱ्हाडाचं नाव मिरवत होतं आणि पोरं तरीही नागपूर शहरातल्या क्लबांतलीच होती. म्हणजे तुमची तक्रार आजची नाही, आजोबांच्या वेळची आहे. याने तुमची बाजू बळकट होते की कमकुवत, ते तुम्हीच ठरवा.

नागपूरला क्रिकेट मुरलेलं होतं हेही खरं. भारताचा पहिला कसोटी कर्णधार सी. के. नायडू, जन्म नागपूरचा, 1895. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. तेही नागपूरचेच. 1969 च्या ऑक्टोबरात सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर पहिली कसोटी झाली. न्यूझीलंडने आपल्याला हरवलं, पण गावोगावचे लोक बैलगाडीने स्टेशनपर्यंत आणि तिथून पॅसेंजरने गेले होते. आमचे वडील त्यात होते. सामन्यापेक्षा संत्रा बर्फीचंच कौतुक त्यांनी आयुष्यभर सांगितलं.

माझी स्वतःची आठवण 1987 ची. वर्ल्ड कप, 31 ऑक्टोबर, पुन्हा न्यूझीलंड, पुन्हा नागपूर. शाळेला दिवाळीची सुटी. मी वावरात होतो, कापसाची पहिली वेचणी चालू. ट्रान्झिस्टर बाभळीला टांगलेला, एरियलला तांब्याची तार गुंडाळून ती फांदीवर फेकलेली. बाया ओटीत कापूस घेऊन बोरीवर येत होत्या, माझा कान वर. चेतन शर्माने रदरफर्डचा त्रिफळा उडवला. पुढच्या चेंडूवर इयान स्मिथचा. मी वजन करायचं थांबलो. तिसऱ्यावर चॅटफिल्डचा. वर्ल्ड कपमधली पहिली हॅट्ट्रिक, तिन्ही त्रिफळे! मी एवढ्या जोरात ओरडलो की एका मावशीने ओटी टाकून दिली. तिला वाटलं साप निघाला. संध्याकाळी गावसकरने शतक ठोकलं, त्याचं एकदिवसीय सामन्यातलं एकमेव. त्या दिवशीच्या मजुरीचा हिशोब माझ्याकडून चुकला, तो बायांनी दुरुस्त करून घेतला.

सांगायचं हे की त्या सामन्यात विदर्भाचा एकही खेळाडू नव्हता. तरी तो सामना आमचा होता. "आपला" म्हणायला सातबारा लागत नाही हे जामठा एंडचं म्हणणं मला पटतं. पण पोराला खेळायला जागा लागते, हे तुमचंही पटतं.

टेनिसचा बादशाह (मेहकर, जि. बुलडाणा)

तुम्ही सगळे लेदर लेदर करून राहिले. मला सांगा, लेदर पाहिजे कशाला? आमच्याकडे हिवाळ्यात टेनिसच्या नाईट टूर्नामेंटा होतात. आठ ओव्हरचा सामना, हॅलोजन, जनरेटर, माइकवर आमचा कॉमेंटेटर. पहिलं बक्षीस पुढाऱ्याकडून रोख, मॅन ऑफ द सिरीजला सायकल. चांगल्या फिनिशरला शेजारच्या जिल्ह्यातून गाडी पाठवून नेतात, वर पैसे देतात. रणजीला तुमच्या जामठ्यात किती लोक असतात? प्रवेश फुकट, तरी खुर्च्या मोकळ्या. आमच्या फायनलला झाडावर जागा मिळत नाही.

आणि उमेश यादव कुठून आला? वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून. वडील खाण कामगार. पोरगा पोलिसात भरती व्हायला गेला, ते जमलं नाही. एकोणीस-वीस वर्षांचा होईस्तोवर टेनिस बॉलच खेळला. 2008 ला रणजी, 2011 च्या नोव्हेंबरात दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी. विदर्भाच्या संघातून कसोटी खेळलेला पहिला माणूस. टेनिसनेच खांदा बनवला ना? मग तालुक्याला टेनिस आहे तेवढं बस. ज्याच्यात दम असेल तो जाईल.

जामठा एंड

बादशाह, उमेशचा दाखला सगळेच देतात. तो दाखला नाही, अपवाद आहे. वीस वर्षांपर्यंत शिवण नसलेल्या बॉलने टाकून नंतर रिव्हर्स स्विंग शिकणारा माणूस हजारात एक. त्याचा वेग देवाने दिला होता. बाकीच्यांना शिकवावा लागतो. आणि बॅट्समनचं काय? टेनिसवर मागच्या पायावर जाऊन पुल मारणारं पोरगं लेदरसमोर उभं करा. पहिल्या उसळत्या चेंडूला हनुवटी वर.

धुऱ्यावरचा अंपायर

जामठाभाऊ, आभार. माझं काम तुम्हीच केलं. टेनिसवाल्यातून हजारात एक निघतो, बाकीच्यांना शिकवावं लागतं असं तुम्हीच म्हणता. मग शिकवणार कुठे?

आणि वलनी खापरखेड्याजवळ. नागपूरच्या दाराशी. उमेश सायकल मारून मैदान गाठू शकला असेल. मंगरूळपीरहून सायकल मारली तर मॅच संपल्यावर पोहोचेल.

घरचंच सांगतो. माझा भाचा, तेव्हा 14 वर्षांचा, डावखुरा स्पिनर. बोटं अशी लांब की आमची आई म्हणते हा तबला वाजवेल. दोन वर्षांपूर्वी एका खासगी अकादमीची निवड चाचणी होती नागपूरला, सकाळी आठची. रात्री दोनला मारुती व्हॅन काढली. सोबत गावातली आणखी तीन पोरं. कोंढाळीच्या अलीकडे टायर बसला. स्टेपनी होती, पण तीही मऊ. पंक्चरवाल्याला उठवून निघेस्तोवर उजाडलं. पोहोचलो साडेनऊला. यादी बंद. गेटवरचा माणूस वाईट नव्हता, म्हणाला, "दादा, मी तरी काय करू?" पोराने तेवढ्यात भिंतीवर दोन-चार बॉल टाकून घेतले, म्हणजे इतक्या लांब आल्यासारखं काही तरी होईल. मग बर्डीवर तर्री पोहा खाऊन परत.

नागपुरातल्या पोराला तो टायर नसतोच. माझं म्हणणं एवढंच आहे. प्रतिभा, जिद्द, वाटायला पाहिजे, सगळं मान्य. आधी टायर काढा मधून.

काळी माती (चिखली, जि. बुलडाणा)

तुम्ही खेडं-शहर करत बसा. मूळ रोग वेगळाच आहे. बाहेरचे आणलेले. वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकाचा, मग करुण नायर कर्नाटकाचा, ध्रुव शोरे दिल्लीचा. या शोरेनेच 2018 च्या इंदूरच्या फायनलमध्ये आपल्याविरुद्ध 145 काढले होते! तोच नंतर आपला ओपनर. प्रत्येक पाहुण्यामागे विदर्भाचं एक पोरगं बाकावर. भाड्याच्या बैलाने पेरलं की पीक आपलं म्हणायचं का?

जामठा एंड

पीक आपलंच, वावर आपलं आहे. बैलाचं भाडं दिलं, विषय संपला.

काळी माती, नियम बघा. बाहेरचे जास्तीत जास्त तीन चालतात. म्हणजे अकरातले आठ तरी इथलेच. आणि हे पाहुणे पंगतीत नुसते बसून गेले नाहीत. जाफरने 2018 च्या इराणी चषकात शेष भारताविरुद्ध 286 केले, संघाचे झाले 7 बाद 800. पुढच्या रणजी हंगामात, वयाच्या चाळिशीत, हजारावर धावा. पण त्याहून मोठं काम त्याने स्लिपमध्ये उभं राहून केलं. शेजारच्या पोरांना सांगत राहिला, कोणता चेंडू सोडायचा. मी सिव्हिल लाइन्सला नेटमागे उभं राहून ऐकलंय.

करुणचं म्हणाल तर 2022 ला त्याला त्याच्या घरच्यांनी विचारणं सोडलं होतं. आपण घेतलं. 2024-25 च्या हंगामात विजय हजारे ट्रॉफीत 779 धावा, पाच शतकं. फायनल कर्नाटकाविरुद्धच हरलो ते सोडा. मग रणजी फायनल. 24 वर तीन गडी गेले होते, त्याने आणि दानिश मालेवारने 215 ची भागी केली. दानिश कोण? नागपूरचा 21 वर्षांचा पोरगा, 153 काढले. करुण नसता तर दानिशला समोर धीर देणारा कोण होता? दुसऱ्या डावात करुणचे पुन्हा 135. त्यावर 2025 ला इंग्लंडला भारताच्या कसोटी संघात गेला. ते तिकीट विदर्भाच्या जर्सीत कमावलेलं आहे.

आणि उलटंही होतं, हे विसरू नका. 2019 च्या फायनलला सौराष्ट्राविरुद्ध 11 गडी घेणारा, पुजाराला दोन्ही डावांत बाद करणारा आदित्य सरवटे, आपला नागपूरचा. तो 2025 च्या फायनलला केरळकडून आपल्याचविरुद्ध खेळला आणि 79 धावा काढून आपल्याला घाम फोडला. मग केरळवाल्यांनी काय म्हणायचं?

काळी माती

सरवटे गेला याचंच तर दुःख आहे. तुम्ही ते मुद्दा म्हणून वापरता.

मोर्शीवाला

सरवटेच्या त्या 79 ले मी शिव्या पण दिल्या अन् टाळ्या पण वाजवल्या. बायको म्हणे, तुमचं नेमकं काय सुरू हाय?

वैनगंगा (पवनी, जि. भंडारा)

सकाळपासून वाचतेय. एवढी पोस्टं झाली, एवढी नावं झाली, एक तरी मुलीचं नाव आलं का? भारती फुलमाळी अमरावतीची, भारताकडून टी-20 खेळली. नागपूरची मोना मेश्राम 2017 च्या वर्ल्ड कपच्या भारतीय संघात होती. विदर्भाच्या क्रिकेटवर धागा आणि पोट्टे, पोट्टे, पोट्टे. असो. हा राग वेगळा मांडेन.

अंपायरदादांच्या मुद्द्यावर पूर्वेकडून सांगते. तुम्ही सगळे कापसाच्या, सोयाबीनच्या पट्ट्यातले. आमच्याकडे धान. जूनपासून बांध्यांत पाणी, मोकळी जमीन म्हणून दिसतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापतात, मळणी होते, मग शाळेच्या मैदानावर ताडपत्र्या. म्हणजे क्रिकेटचा हंगाम सुरू होतो तेव्हाच आमचं मैदान खळ्यात गेलेलं असतं. जानेवारीत मोकळं झालं की जमीन अशी भेगाळलेली, की बॉल टप्पा पडून कुठे जाईल ते टाकणारीलाही माहीत नाही. मी "टाकणारीला" मुद्दाम लिहिलं. शाळेत सहा वर्षं मुलींना खेळवलंय. आमच्या भेगांवर टाकलेला चेंडू खेळू शकणारी मुलगी जामठ्याच्या सपाट पाट्यावर कंटाळेल.

विनोद सोडा. अशा जमिनीवर एकच उपाय आहे, मॅट. काथ्याची मॅट अंथरायची, कडांना खिळे ठोकायचे, खेळून झालं की गुंडाळून शाळेच्या खोलीत. ना रोलर, ना पाणी, ना माळी. जुने लोक मॅटिंगवरच तर खेळायचे.

जामठा एंड

वैनगंगाताई, नावांचं चुकलं. कबूल.

मॅटचं म्हणणं पटतं. पण अंपायर, इमानदारीने सांगा, तालुक्याला विकेट दिली तर सांभाळणार कोण? काटोलला आमच्या शाळेत एक सिमेंटची पट्टी होती. मी आठवीत असताना बांधली, दहावीत गेलो तेव्हा तिच्यावर मिरच्या वाळत होत्या. तुमच्याकडे सोयाबीन वाळत असेल.

धुऱ्यावरचा अंपायर

वाळते. एकदा मीच वाळवली आहे, खोटं कशाला बोलू. बाजार समितीत ओलावा जास्त म्हणून परत पाठवली होती. जवळ सिमेंट तेवढंच होतं.

पण पट्टीवर सोयाबीन वाळली ती पट्टी रिकामी होती म्हणून. आठवड्यातून दोन दिवस कोणी शिकवणारा आला असता, तर पोरांनीच मला पोत्यासकट उचलून बाहेर टाकलं असतं. मला अकादमी मोडायची नाही. जामठा जामठ्यालाच राहू द्या. हर्ष दुबेने 2024-25 च्या हंगामात 69 बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. यश राठोडने 960 धावा काढल्या. हे खोगीरभरतीने होत नाही, एका जागी राबूनच होतं, हे मी मान्य करतो. सेमीफायनलला मुंबईला 80 धावांनी लोळवलं. पार्थ रेखडेने एका ओव्हरमध्ये रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे काढले, तेव्हा मी उभ्या बाजारात नाचलोय. माझं भांडण त्या पोरांशी नाही.

भांडण आहे ते चाळणीशी. नागपूरच्या पोराला तिथल्या क्लबांच्या गुझदर लीगपासून दहा वेळा दिसायची संधी मिळते. आमच्याला एकदा. एका सकाळी. तीही टायर ठीक असला तर. निवडणाऱ्याने वर्षातून दोन दिवस तालुक्यात यावं. बोलावू नये, यावं.

गुरुजी, सेवानिवृत्त

याला मात्र माझा पाठिंबा. आमच्या वेळी शाळा तपासणीला साहेब गावात यायचे, शाळा उचलून साहेबाकडे न्यावी लागत नसे.

टेनिसचा बादशाह

निवडणारा आला तर त्याला आमच्या नाईट टूर्नामेंटलाही आणा. टेनिस असली म्हणून काय झालं, डोळे तर तेच आहेत ना. राहायची सोय माझ्याकडे. जेवायला वांग्याची भाजी-भाकर, सावजीची अपेक्षा ठेवू नये.

काळी माती

बाहेरचे खेळाडू चालतात, बाहेरचा निवडणारा पण चालेल म्हणायचं. बरं. यावर माझा आक्षेप नाही.

जामठा एंड

मी अजूनही म्हणतो की आधी शिखर, मग पायथा. शिखर दिसलं म्हणूनच तुम्ही पायथ्याबद्दल बोलताय. 2010 ला हा धागा काढला असता तर कोणी उघडला नसता. तरी दोन दिवस तालुक्यात जाण्याने जामठ्याचं काही अडत नाही, हे खरं. आणि भाच्याचं काय झालं? डावखुरा स्पिनर म्हणालात. सरवटे गेला आहे, जागा आहे.

धुऱ्यावरचा अंपायर

भाचा आता 16 चा. बॉल वळवतो, पण सिमेंटवर. सिमेंटवर सगळेच वळवतात. मातीवर काय करतो ते मलाही पाहायचंय.

गुरुजी, सेवानिवृत्त

अंपायर, आमच्या शाळेच्या जुन्या खोलीत काथ्याची मॅट पडून आहे. मी रुजू झालो तेव्हाही होती. मुख्याध्यापक माझा विद्यार्थी, देईल. पण न्यायची सोय तुम्हाला करावी लागेल, जड आहे. चौघे लागतात.

धुऱ्यावरचा अंपायर

गुरुजी, व्हॅन आहे. नवीन टायर टाकलेत. पूर्ण 22 यार्ड आहे का?

गुरुजी, सेवानिवृत्त

उद्या मोजून सांगतो. एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलेली आहे हे आत्ताच सांगून ठेवतो. तो कोपरा डावखुऱ्याच्या टप्प्यावर येणार नाही असा अंथरा.

वैनगंगा

की मुद्दाम तिथेच अंथरा.